आत्याबाई, पोरीचं नाव चंपावती ठेवा

बीडमध्ये चंपावती नावाची शाळा आहे. चंपावतीच्या नावानं इथं वर्तमानपत्र निघालं. बाहेरगावचा पाहुणा आला, सत्काराची शाल त्याच्या खांद्यावर पडली, की सूत्रसंचालक ‘या ऐतिहासिक चंपावती नगरीत आपलं स्वागत’ म्हटल्याशिवाय माईक सोडत नाही. आता याच गावातल्या एखाद्या पहिलीच्या वर्गाची हजेरी ऐका. आराध्या, अन्वी, श्रेया, स्वरा, आरोही, परत एक आराध्या. ‘चंपावती’ म्हटल्यावर ‘हजर बाई’ म्हणणारी पोरगी तुम्हाला भेटली असेल तर तुम्ही नशीबवान. मला शोधून भेटली नाही. चंपाबाई भेटतात, पण त्या बहुतेक सत्तरीच्या पुढच्या, आणि त्यांच्या नाती-पणत्यांत त्यांचं नाव कुणी उचललेलं नाही.

पाट्यांवर राहिलेलं आणि माणसांवरून गेलेलं हे नाव पुन्हा माणसांवर यावं, एवढ्यासाठी हे लिहितोय. मागणं आहे ते आत्यांकडे. आईबापानं मोबाइलवर शंभर नावं धुंडाळलेली असोत, गुरुजींनी आद्याक्षर काढून दिलेलं असो, बारशाच्या दिवशी पाळण्यावर वाकून, पाठीत बायकांचे धपाटे खात, बाळाच्या कानात ‘कुर्रर्र’ करून नाव उच्चारायचा मान आत्याचा. तो मान अजून कुणी काढून घेतलेला नाही. तो वापरा, एवढंच म्हणणं आहे.

या नावामागची आख्यायिका तशी दोन ओळींची. बीडचं फार जुनं नाव दुर्गावती, मग बलनी. पुढं विक्रमादित्याची बहीण चंपावती हिनं हे नगर घेतलं आणि त्याला चंपावतीनगर म्हटलं. जिल्ह्याची माहिती देणाऱ्या पुस्तकांत ही गोष्ट एवढीच येते आणि लगेच पुढच्या राजाकडं वळते. कुठला विक्रमादित्य, स्वारी कधीची, याला ताम्रपट नाही, शिलालेख नाही. मुहम्मद तुघलकाच्या वेळी विहिरींवरून गावाला ‘बीर’ नाव पडलं आणि त्याचं बीड झालं, असं त्याच्यापुढं सांगतात. इतिहास म्हणून चंपावतीची गोष्ट कोर्टात टिकणार नाही, हे मान्य. पण त्यातलं नातं बघा. ही बाई राजाची राणी नाही, राजमाता नाही. ती बहीण आहे, म्हणजे राजाच्या लेकरांची आत्या. आणि लोकांना तिच्याबद्दल आठवतंय काय, तर तिनं नाव ठेवलं.

तुघलकाचा विषय निघाला म्हणून एक सांगून टाकतो. दक्षिणेत आलेला असताना बीडजवळ त्याचा दात पडला. इतिहासकार फिरिश्त्यानं लिहून ठेवलंय की सुलतानानं तो दात थाटामाटात पुरायला लावला आणि वर कबर बांधायला सांगितली. करजणीजवळच्या टेकडीवर ती वास्तू आजही दाखवतात. सुलतानाच्या एका दाताला इमारत मिळाली. जिच्या नावानं गाव ओळखलं जात होतं म्हणतात, तिच्या वाट्याला दगडसुद्धा आला नाही.

इतिहासकार म्हणतील, दगड यायला बाई खरी असावी लागते. बरोबर आहे. तरी एक जोडून बघण्यासारखी गोष्ट आहे. ‘विक्रमादित्य’ ही पदवी लावणाऱ्या दुसऱ्या चंद्रगुप्ताची लेक प्रभावतीगुप्ता विदर्भात वाकाटकांच्या घरी सून म्हणून आली. नवरा रुद्रसेन लवकर गेला, मुलं लहान होती, आणि चौथ्या शतकाच्या अखेरीस कारभार तिनं स्वतः हातात घेतला. पुण्यात सापडलेला ताम्रपट आणि रिद्धपूरचा ताम्रपट तिचे आहेत. त्यांत ती सासरचं गोत्र सांगत नाही, बापाचं धारण गोत्र सांगते. नावातलं ‘गुप्ता’ही ठेवते. बाईच्या लग्नानंतरच्या ज्या नावावर आपण सोळाशे वर्षांनीही वाद घालतो, ते तिनं तांब्यावर कोरून मोकळं केलं होतं. चंपावती म्हणजेच प्रभावती असं मी म्हणत नाही, त्याला आधार नाही. पण उत्तरेतल्या विक्रमादित्याच्या घरची, नावात ‘वती’ असलेली एक बाई दख्खनेत येऊन राज्य करते, हे आपल्याकडं खरोखर घडून गेलेलं आहे. बीडची गोष्ट निव्वळ हवेतली म्हणून उडवून लावण्याआधी तेवढं ध्यानात असावं.

नावाचा अर्थ सोपा: चंपा जिच्यापाशी आहे ती. चंपा म्हणजे संस्कृतातला चंपक, आपला सोनचाफा. कानडी माणूस त्याला संपिगे म्हणतो. बीडच्या मुरमाड माळावर, बालाघाटाच्या कमी पावसाच्या पट्ट्यात हे झाड आपणहून वाढत नाही. त्याला सह्याद्रीची, कोकणची ओल लागते. आपल्याकडं देवळापुढं जो पांढरा चाफा दिसतो तो खुरचाफा, आणि तो तर मूळचा अमेरिकेकडचा. त्याला चाफा म्हणून आपण असा आपलासा केला की कुणाला तो परका वाटत नाही. सोनचाफा मात्र नावातच राहिला. टँकरची वाट बघणाऱ्या गावानं ओल्या रानातल्या फुलाचं नाव मिरवावं, यात मला मोठी हौस दिसते.

आणि या हौसेत बीड एकटं नाही. अंग देशाची राजधानी चंपा, म्हणजे आजच्या भागलपूरजवळची नगरी. व्हिएतनामच्या किनाऱ्यावर शेकडो वर्षं टिकलेलं राज्यही चंपाच. आपल्या कोकणात चौलचं जुनं नाव चंपावती. जायसीनं १५४० च्या सुमारास ‘पद्मावत’ लिहिलं, त्यात पद्मावतीच्या आईचं नाव चंपावती. आसामात लक्ष्मीनाथ बेजबरुआंनी १९११ साली आजीच्या गोष्टींचं पुस्तक काढलं, त्यात चंपावतीची गोष्ट आहे, आणि तिकडच्या लेकरांना ती आजही सांगितली जाते.

सगळ्यांत जवळचं उदाहरण हिमाचलातल्या चंबा शहराचं. दहाव्या शतकात राजा साहिल वर्मानं आपली राजधानी भरमौरहून रावी नदीकाठच्या मोकळ्या जागी हलवली, ती मुलगी चंपावती हिच्या आग्रहानं, आणि तिच्याच नावावरून शहराला चंबा म्हणू लागले, असं तिकडं सांगतात. पुढची गोष्ट अशी. मुलगी एका साधूकडं धर्मचर्चेला जायची. बापाला संशय आला. तो तलवार घेऊन मागोमाग गेला, तर आश्रम रिकामा. मुलगीही नाही, साधूही नाही. संशय घेतलास म्हणून ती गेली, अशी आकाशवाणी झाली. राजानं पस्तावून तिचं देऊळ बांधलं. ते चंपावती मंदिर चंब्यात भर गावात उभं आहे आणि तिथं रोज दिवा लागतो. बापाच्या संशयापायी गेलेली मुलगी त्या गावानं देवी करून ठेवली. बीडच्या चंपावतीला असा देवळाचा आधार नाही, आणि देवळानं नाव कसं टिकतं ते आपल्याकडंही दिसतं. अंबाजोगाईचं निजामाच्या दफ्तरात मोमिनाबाद झालं होतं, तरी लोकांच्या तोंडचं नाव परत आलं, कारण योगेश्वरी तिथं बसलेली होती. तिची जत्रा होती, तिला कुलदैवत मानणारी घरं कोकणापर्यंत पसरलेली होती. चंपावतीला ना देऊळ, ना पालखी, ना कुळाचार. तिला माणसांशिवाय कुणी नाही.

आता हे नाव गेलं कसं, ते बघू. ‘चंपावती’ पूर्वी घरोघरी होती असा दावा मी करणार नाही. घरोघरी होती ती चंपा. मराठवाड्याच्या खेड्यात जुन्या बायकांची नावं म्हणजे प्रयागबाई, कौसाबाई, गयाबाई, सोजरबाई, केशरबाई, शेवंताबाई, झुंबरबाई, द्वारकाबाई. त्याच रांगेत वाड्यावर, वस्तीवर, तांड्यावर चंपाबाई. चंपावती हे तिचं ठेवणीतलं रूप, पैठणीसारखं, एरवी घडीत असलेलं. लग्नात पहिला घाव बसला. ताटातल्या तांदळात अंगठीनं नवं नाव लिहिलं की माहेरचं नाव तिथंच संपायचं. कितीतरी चंपा अशा सुमन झाल्या, मंगल झाल्या. दुसरा घाव सिनेमाचा. हिंदी पडद्यावर चंपा म्हटलं की कमरेला पदर खोचलेली मोलकरीण किंवा हसवायला आणलेली बाई. पडद्यावर दहादा हसलं की घरात ते नाव ठेवायचा धीर होत नाही. आणि शहरात गेलेल्या पोरांना आज्यांच्या नावाची लाज वाटू लागली, हे तिसरं. ते कुणी कबूल करत नाही, पण आहे.

‘वर्गात चंपा, चंपू म्हणून चिडवतील’ ही आयांची भीती मी समजू शकतो. लेकरं चिडवतात, नाव कुठलंही असो, चिडवतात. पण चंपू ही शिवी नव्हे, हे तरी चिडवणाऱ्याला सांगता येईल. गद्य आणि पद्य मिसळून लिहिलेल्या संस्कृत काव्याला चंपू म्हणतात, आणि त्यातला गाजलेला ‘नलचंपू’ त्रिविक्रमभट्टानं दहाव्या शतकात राष्ट्रकूटांच्या पदरी, म्हणजे आपल्याच दख्खनेत लिहिला. हाक मारायची तर चाफा म्हणा, चंपाक्का म्हणा, पूर्ण नाव घ्या; चार अक्षरांनी कुणाची जीभ झिजत नाही. नाव जुनाट आहे म्हणणाऱ्यांना माझं उत्तर याहून लहान आहे. मीरा, अहिल्या ही नावं काय कालची आहेत? एके काळी ‘मुक्ता’ आणि ‘सई’ ही आजीचीच नावं वाटत होती. कुणीतरी पहिल्यांदा ठेवलं, मग दुसऱ्यानं ठेवलं.

पण आत्यांकडंच का मागतोय, याचं खरं कारण अजून सांगितलेलं नाही. २००१ च्या जनगणनेत बीड जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलग्यांमागं ८९४ मुली होत्या. २०११ ला त्या ८०७ उरल्या. त्या वर्षी राज्याचा आकडा ८९४ होता आणि बीड तळाला. २०१२ मध्ये परळीत गर्भलिंगनिदानाचं जे प्रकरण उघडकीस आलं, त्यामुळं सगळ्या देशाला आपल्या जिल्ह्याचं नाव कळलं. त्यावर पुष्कळ लिहून झालं, कायद्याचा बडगा बसला, आकडेही पुढं सुधारल्याचं सांगतात. पण त्या दशकात जी पोरं जन्मली ती आता दाढी-मिशी फुटलेली आहेत, कॉलेजात आहेत, पोलीस भरतीसाठी माळावर पळताहेत. उद्या त्यांची लग्नं होतील, घरात पाळणा हलेल. त्यांतल्या कितीकांना बहीणच नाही. मग पाळण्यावर वाकून नाव सांगायला कोण येणार? चुलत बहीण बोलवा, शेजारीण बोलवा, वेळ मारून न्या. आत्या कमी पडतील असं ज्या घरांना तेव्हा वाटलं नाही, त्यांच्या बारशाला ती जागा रिकामी दिसेल.

म्हणून ज्या आत्या आहेत त्यांच्या शब्दाला आज वजन आहे. मुलगी झाली म्हणून पेढ्याऐवजी जिलेबी वाटण्यापुरता उत्साह आता बऱ्याच घरांत असतो. त्याच घरात तुम्ही आत्या म्हणून उभ्या राहा आणि म्हणा, की या गावाचं नाव बाईचं होतं, ते मी माझ्या भाचीला देते. नाव ठेवल्यानं मुलगी वाचत नाही, हे मला ठाऊक आहे. साताऱ्यात २०११ साली ‘नकुशी’ नावाच्या २८५ मुलींची नावं समारंभ करून बदलली. नाव बदललं म्हणून त्या दिवशी घरातली वागणूक बदलली असेल असं कोण म्हणेल? पण ज्या पोरीला रोज दहा वेळा ‘नकुशे’ म्हणून हाक मारली जाते तिला काय वाटतं, हे त्या मुलींनी जगाला सांगितलं. नकोशी असण्याचं नाव ठेवता येतं, तर नगर जिंकल्याचंही ठेवता येतं.

एक अडचण खास आपल्या जिल्ह्याची आहे. दसरा-दिवाळीनंतर अर्धा जिल्हा ऊसतोडीला उठतो. मुकादमाच्या वहीत नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ असतो. उचल नवऱ्याच्या नावावर. बाई वहीत येते ती कोयत्याचा निम्मा भाग म्हणून, तिचं नाव लिहायची गरज कुणाला पडत नाही. हंगामात फडावर, कोपीत पोरगी जन्मली तर बारसं तिथंच उरकतात, आणि आत्या तेव्हा दुसऱ्याच कारखान्याच्या फडात मोळ्या बांधत असते. तिच्याकडं मोबाइल आहे. फोन लावा, स्पीकरवर टाका, पाळण्याजवळ धरा. पाळणा नसेल तर साडीची झोळी चालते. मुकादमांनाही सांगणं आहे: वहीत एक रकाना वाढवायला पैसे पडत नाहीत.

आता हे नाव टिकवण्याची वेळ पूर्वीपेक्षा बरी आहे, त्यालाही कारण आहे. राज्य सरकारनं मार्च २०२४ मध्ये निर्णय घेतला आणि १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या कागदपत्रांवर आधी मुलाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं आणि आडनाव असा क्रम आला. म्हणजे आज जी चंपावती होईल, ती उद्या आई झाली की तिचं नाव लेकरांच्या शाळेच्या दाखल्यावर जाईल. आपल्या चंपाबाईंना हे कधी मिळालं नाही. त्यांची नावं फार तर भांड्यांवर राहिली, लग्नात आलेल्या पितळी तांब्यावर टाक्यानं ठोकलेली. तेवढं एक बजावून ठेवा, लग्नात तांदळात दुसरं नाव लिहू देऊ नका. प्रभावतीनं ऐकलं नव्हतं.

हे वाचून कुणाच्या मनात गावाचं नाव बदलायची चळवळ येईल, तर मी त्यात नाही. शेजारचं अहमदनगर अहिल्यानगर झालं, ज्यांना ते करायचं होतं त्यांनी केलं. बीडला बीड राहू द्या. विहिरीवरून पडलेलं नाव या दुष्काळी गावाला शोभतं. खजाना विहीर बघितलेल्या कुणालाही ते पटेल: १५८२ ची निजामशाहीतली ती विहीर आजूबाजूला कोरड पडली तरी पाणी धरून असते. शहराचं नाव बदलायला मंत्रिमंडळ लागतं, राजपत्र लागतं, मोर्चे लागतात, आणि दोन समाज एकमेकांकडं वाकडे बघायला लागतात ते वेगळंच. पोरीचं नाव ठेवायला एक बारसं पुरतं, आणि त्यात कुणाचं काही काढून घ्यावं लागत नाही.

ज्यांच्या संस्थेच्या पाटीवर हे नाव आहे, त्यांच्यावर थोडा जास्त हक्क सांगतो. शाळेनं आपल्या पोरांना एक गृहपाठ द्यावा: घरातल्या आज्या-पणज्यांची माहेरची नावं विचारून लिहून आणा, सासरची नाही. एका वर्गाच्या वह्यांत मराठवाड्यातल्या बायकांच्या नावांचा केवढा साठा निघेल, हे मास्तरांना पहिल्याच दिवशी कळेल. वर्तमानपत्रांनी वाढदिवसाच्या जाहिरातींमधली थोडी जागा या नावांना द्यावी. अंगणवाडीताई आणि आशाताई गरोदर बाईच्या घरी जातातच; गोळ्यांची विचारपूस झाली की नावाचाही विषय काढावा. आणि पुण्या-पिंपरीत, चाकणला राहणाऱ्या आमच्या बीडकरांनो, गावाकडची ओढ व्हॉट्सॲपच्या स्टेटसला ‘आमचं बीड’ टाकून भागवू नका. तुमच्या तिकडच्या शाळेत एकही चंपावती नाही, म्हणजे दुसऱ्या आराध्यापासून वेगळं काढायला पोरीच्या नावापुढं आडनावाचं अक्षर लावायची वेळ येणार नाही.

पळवाट मात्र काढू नका. ‘पाळण्यातलं नाव चंपावती ठेवू आणि दाखल्यावर दुसरं’ असं पुष्कळ जण सुचवतील. पाळण्यातलं नाव दोन वर्षांत विसरतं. कागदावर चंपावतीच लिहा. दवाखान्यातून जन्माची नोंद जाते तेव्हा बाळाचं नाव बहुधा ठरलेलं नसतं आणि तो रकाना रिकामा जातो. जन्मनोंदणी झाल्यापासून बारा महिन्यांच्या आत शहरात नगरपरिषदेत, खेड्यात ग्रामपंचायतीत अर्ज दिला तर नाव फुकट चढतं. त्यानंतरही पंधरा वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून चढवता येतं. जाताना आईबापाची ओळखपत्रं न्या, आणि इंग्रजी स्पेलिंग आधी ठरवून एकच ठेवा. ‘वती’ला कुणी व्ही लिहितो, कुणी डब्ल्यू, आणि पुढं आधार कार्ड, जातीचा दाखला, दहावीचा फॉर्म या सगळ्यांत त्या एका अक्षरासाठी पोरीला खेटे घालावे लागतात.